कुंडी आडवी करा
परसबागेचं वर्ष : लेखांक ४०

परवा गच्चीवरची जास्वंद भर दुपारी मान टाकून उभी होती. आठ दिवस पाऊस नाही, वर ऑक्टोबरचं ऊन, म्हणून तिला तांब्याभर पाणी घातलं. संध्याकाळी जरा तरतरी दिसली. दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा तेच, पुन्हा पाणी. चौथ्या दिवशी पानं गळायला लागली तेव्हा कुंडी आडवी केली, कडेने थापट्या मारल्या आणि मातीचा गड्डा सबंध बाहेर काढला. वरची दोन बोटं माती कोरडी, भेगाळलेली. खाली चिखल, आणि त्याला गटारासारखा वास. एक मूळ चिमटीत धरून ओढलं तर त्याची साल मोज्यासारखी निघून हातात आली, आत नुसता दोरा राहिला. झाड पाण्यात उभं होतं आणि तहानेनं सुकत होतं, कारण पाणी ओढणारी मुळंच कुजली होती.

गेल्या लेखांकात तुम्हाला हिवाळी भाज्यांचं बियाणं आणून ठेवायला सांगितलं होतं. त्या पुड्या आणखी आठ दिवस बंदच राहू द्या. या महिन्याचं पहिलं काम पेरणी नाही, कुंडीचा तळ बघणं हे आहे.

चार महिन्यांच्या पावसात कुंडीत दोन गोष्टी होतात. मातीतला बारीक गाळ हळूहळू खाली सरकतो आणि तळाच्या भोकावर बसतो. तिथे आपण ठेवलेली खापरी त्या गाळानं लिंपली जाते. दुसरं म्हणजे नत्र वाहून जातं. नायट्रेटच्या रूपातलं नत्र मातीच्या कणांना धरून राहत नाही, पाण्याबरोबर भोकातून निघून जातं. त्याची खूण पानांवर दिसते : खालची जुनी पानं आधी पिवळी पडतात, कारण झाड त्यांच्यातलं नत्र काढून शेंड्याला पुरवतं. याउलट शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि शिरा मात्र हिरव्या, असं असेल तर ती लोहाची ओढ. पाणी साचलेल्या कुंडीत हे नेहमी दिसतं. तिथे खत घालून उपयोग नाही, आधी पाण्याला वाट करून द्या.

म्हणून काडीनं भोक मोकळं करा. वरचं शेवाळ खरवडा, दोन-तीन बोटं माती भुसभुशीत करा. रिकाम्या कुंड्यांची माती गच्चीवर पसरून दोन-तीन दिवस उन्हात वाळवा. मग दोन भाग माती, एक भाग गांडूळखत किंवा चांगलं कुजलेलं शेणखत, एक भाग वाळू किंवा विटांचा चुरा आणि बारा इंची कुंडीला मूठभर निंबोळी पेंड. नुसत्या कोकोपीटवर भिस्त ठेवू नका. ते पाणी धरतं, झाडाला खाऊ घालत नाही.

माझ्या जास्वंदीची कुजलेली मुळं कापली, वरूनही तिसरा हिस्सा छाटला आणि नव्या मातीत लावून सावलीत ठेवली. नवा फुटवा दिसेपर्यंत तिला खत नाही.

पेरणी कधी, याचं उत्तर शेतकऱ्याच्या एका शब्दात आहे : वाफसा. माती ओली नाही आणि कोरडीही नाही, पाणी आणि हवा दोन्ही तिच्यात आहेत, अशी ती वेळ. मूठभर माती दाबा, लाडू वळला पाहिजे. तो कमरेइतक्या उंचीवरून सोडा. फुटला तर वाफसा आला. तसाच थबकन बसला तर थांबा. हाताला चिकटली तर कुंडीकडे बघूही नका.

दरम्यान बियाण्याची परीक्षा घ्या. घटस्थापनेला आपण काळ्या मातीत धान्य पेरतो आणि कोणतं किती उगवलं ते नऊ दिवस बघतो. मला त्यात पूजेइतकीच उगवण तपासायची शेतकरी सवय दिसते. मेथीचे, मुळ्याचे दहा-दहा दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा. निम्म्याहून कमी फुटले तर पुडी बदला.

आता गुलाब. त्याला कात्री लावायची ती पाऊस खरोखर गेल्यावरच. एका वर्षी मी सप्टेंबरअखेरीस चार कोरडे दिवस बघून हात चालवला. पाचव्या दिवशी परतीचा पाऊस आला आणि प्रत्येक फांदी कापापासून खाली काळी पडत गेली. तीन झाडं गेली. आता मी ऑक्टोबरच्या मध्याची वाट बघतो. छाटणीनंतर साधारण दीड महिन्यानं फुलं येतात. बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या वर पाव इंच, तिरका काप. कलमाच्या सांध्याखालून आलेला फुटवा मुळापासून काढा, तो खुंटाचा असतो. देशी गुलाबाला मात्र जोरकस छाटणी नको, वाळकं तेवढं काढलं की पुरे.

कापावर बोर्डो पेस्ट लावायची. दहा ग्रॅम मोरचूद पन्नास मिलिलिटर पाण्यात, दहा ग्रॅम चुना तेवढ्याच पाण्यात, दोन्ही प्लास्टिकच्या डब्यांत वेगवेगळं कालवा आणि तिसऱ्यात एकत्र ओता. आकाशी रंग येतो. त्यात स्वच्छ लोखंडी सुरी क्षणभर बुडवा. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय, आणखी घाला. हे औषध चोरांमुळे सापडलं. फ्रान्समध्ये बोर्डोजवळ रस्त्याकडेच्या द्राक्षवेलींना लोकांनी हात लावू नये म्हणून मळेवाले मोरचूद-चुन्याचा किळसवाणा लेप फवारत. नेमक्या त्याच वेली केवड्या रोगातून वाचल्या, हे १८८२ मध्ये मिलार्दे या वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकानं हेरलं आणि १८८५ मध्ये जाहीर केलं. नाशिकचा द्राक्ष बागायतदार याच दिवसांत ऑक्टोबर छाटणी उरकत असतो आणि त्याच्याकडेही हे मिश्रण असतं.

शेवंतीला या महिन्यात कात्री लावू नका, कळ्या जातील. आणि तिच्यावर रात्रभर गॅलरीचा दिवा पडत असेल तर तिची जागा बदला. रात्र मोठी झाली की शेवंती फुलते. उजेडात तिला ती रात्र मिळतच नाही. शेजारणीची शेवंती फुलते आणि आपली का नाही, याचं कारण पुष्कळदा एक बल्ब असतं.

राहिल्या कुंड्यांखालच्या ताटल्या. डेंग्यूचा डास अंड्यापासून उडण्यापर्यंत साधारण आठ-दहा दिवस घेतो, म्हणून दर आठवड्याला त्या रिकाम्या करायच्या. नुसतं पाणी ओतून भागत नाही, कारण त्याची अंडी कोरड्या कडेला महिनोन् महिने टिकतात. काथ्यानं घासा. खरं तर ताटल्या काढूनच टाका.

पुढच्या आठवड्यात मेथी, पालक आणि लसूण. लसणाचे गड्डे आणून ठेवा, पण पाकळ्या सोलू नका. सालासकटच लावायच्या आहेत.