खवळलेला समुद्र आणि नौसैनिक

परळी वैजनाथहून समुद्र जवळजवळ चारशे किलोमीटर दूर. येथील औष्णिक विद्युत केंद्र २०१५ साली पाण्याअभावी बंद ठेवावे लागले होते. अशा गावाला अरबी समुद्र ठाऊक असतो तो पावसाच्या ढगांपुरता. बीडसारख्या जिल्ह्यातून नौदलात जाणाऱ्या तरुणाला त्याचे दुसरे रूप मात्र जहाजावर चढल्यावरच कळते.

वादळात मोठी युद्धनौकाही स्थिर राहत नाही. नाळ लाटेवर चढते, क्षणभर अधांतरी राहते आणि सारे जहाज हादरवीत खाली आदळते. नवख्याला 'बोट लागते'. पोटात अन्न ठरत नाही, बिछान्यावर पाठ टिकत नाही, भटारखान्यात चुलीवर भांडे राहत नाही. पहाऱ्याची पाळी मात्र चुकत नाही. या हालांच्या कहाण्या चवीने सांगितल्या जातात; त्यांत थोडी अतिशयोक्तीही असते, आणि ती क्षम्य आहे. परंतु स्वतः तग धरणे हा नौसैनिकाच्या कामाचा केवळ आरंभ होय.

पावसाळ्यापूर्वी आरमार सुरक्षित बंदरात आणून छावणीस ठेवावे, असा दंडक रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आहे. शिडाच्या गलबतांसाठी तो शहाणपणाचाच होता. आजच्या नौदलाला ही सवलत नाही. इतरांनी किनारा गाठावा तेव्हा त्याला बाहेर पडावे लागते.

१७ मे २०२१ रोजी 'तौक्ते' चक्रीवादळात हेच घडले. मुंबईजवळच्या तेलक्षेत्रात 'पी-३०५' हा कामगारांच्या निवासाचा तराफा नांगर तुटून भरकटला. त्याला स्वतःचे इंजिन नव्हते आणि त्यावर २६१ माणसे होती. वादळाचा इशारा काही दिवस आधीच मिळालेला असताना तो भर समुद्रात का राहिला, हा प्रश्न सरकारने नेमलेल्या समितीपुढे गेला. विचारायचा तो वादळाआधीच विचारायला हवा होता. 'आयएनएस कोची' आणि 'आयएनएस कोलकाता' मदतीस धावल्या. सायंकाळी तराफा बुडाला आणि माणसे पाण्यात विखुरली.

साडेसात हजार टनांची विनाशिका सहा-आठ मीटरच्या लाटांत, काळोखात, पोहणाऱ्या माणसाजवळ न्यायची म्हणजे काय? जहाज वाऱ्याच्या बाजूस आडवे धरले तर पलीकडे थोडे शांत पाणी मिळते. पण आडव्या जहाजाला हेलकावे अधिक, आणि वारा ते त्याच माणसावर लोटतो. पंखे फिरते ठेवावेत तर जीव जायचा, थांबवावेत तर जहाज हाताबाहेर जायचे. दोरखंडाची जाळी कडेला सोडावी, तर लाट माणसाला दुमजली घराएवढी वर उचलते आणि पुढच्याच क्षणी पोलादी कडेवर आपटते. तासन्‌तास खाऱ्या पाण्यात राहिलेल्या हातांत जाळी धरण्याचे बळ नसते. त्याला वर ओढणारा खलाशीही त्याच निसरड्या, कलत्या डेकवर उभा असतो.

नौदलाचे तत्कालीन उपप्रमुख मुरलीधर पवार यांनी ही मोहीम चार दशकांतील अत्यंत कठीण मोहिमांपैकी एक ठरवली. 'पी-३०५'वरील १८६ जण वाचले. 'वरप्रदा' ही नौकाही त्याच वादळात बुडाली होती. दोन्ही दुर्घटनांत मिळून ८६ जण दगावले. वाचलेल्यांना घेऊन 'कोची' १९ मे रोजी मुंबईस परतली. शोध थांबला नव्हता. २२ मे रोजी पाणबुडे घेऊन 'आयएनएस मकर' आणि 'आयएनएस तरासा' बुडालेल्या नौकांचे अवशेष शोधण्यासाठी पुन्हा निघाल्या.