डॅशबोर्डवर ४९, बातमीत ४५: वऱ्हाडातला खरा पारा कोणता?

मे महिन्यात वऱ्हाडी माणूस फोनवर आधी ख्यालीखुशाली विचारत नाही, ‘तुमच्याकडं किती?’ असं विचारतो. पुण्यातला मित्र ३९ सांगून घाम पुसत असतो आणि इकडून शांतपणे उत्तर जातं, ‘आमच्याकडं पंचेचाळीस!’ त्यात तक्रार कमी आणि मिरवणं जास्त. अकोला आणि अमरावती यांच्यात तर रोज संध्याकाळी हा सामना रंगतो. बहुतेक वेळा अकोला जिंकतं. हरलेला अमरावतीकर मग गाडीच्या डॅशबोर्डचा फोटो ग्रुपवर टाकतो. आकडा असतो ४९!

दोन्ही आकडे खोटे नाहीत, फक्त ते वेगवेगळ्या गोष्टी मोजतात. हवामान खात्याचा तापमापक पांढऱ्या रंगाच्या, झडपांच्या लाकडी पेटीत, जमिनीपासून साधारण चार फुटांवर असतो. त्याला थेट ऊन लागत नाही, हवा मात्र खेळती मिळते. म्हणजे बातमीतला पारा हा सावलीतल्या हवेचा पारा. गाडीचा सेन्सर बहुतेक वेळा पुढच्या बंपरच्या आसपास असतो. खाली तापलेलं डांबर, मागे तापलेलं इंजिन. सिग्नलला पाच मिनिटं थांबलात की तो रस्त्याचीच बातमी देतो. गाडी वेगात धावू लागली की आकडा उतरतो. हा प्रयोग कोणालाही करता येईल, आणि अमरावती-अकोला रस्ता त्यासाठी उत्तम आहे.

या रस्त्याचाही आपल्याला अभिमान आहेच. राष्ट्रीय महामार्ग ५३ वरचा हा टप्पा वर्षानुवर्षं रखडला होता. ‘अकोल्याला जाऊन येतो’ म्हणणाऱ्याला घरचे कंबरेचा पट्टा घेतला का विचारायचे. मग जून २०२२ मध्ये लोणी ते मूर्तिजापूरदरम्यान ७५ किलोमीटर लांबीच्या एका मार्गिकेवर १०५ तास ३३ मिनिटांत सलग डांबरीकरण झालं आणि गिनीज बुकात नोंद झाली. आधीचा विक्रम कतारमधल्या दोहाचा, सुमारे २५ किलोमीटरचा होता. ‘७५ किलोमीटरचा रस्ता पाच दिवसांत’ असं आपण पाहुण्यांना सांगतो, पण ते एका मार्गिकेचं मोजमाप आहे. दोन मार्गिकांचा रस्ता धरला तर तो साडेसदतीस किलोमीटर भरतो. तरीही सातशेहून अधिक माणसं रात्रंदिवस राबली ती वऱ्हाडातल्या जूनच्या पहिल्या आठवड्यात, तेही गरम डांबराशेजारी. काम संपलं ७ जूनला, अगदी मृगाच्या तोंडावर. पावसात डांबर टाकता येत नाही, हे ज्याने नियोजन केलं त्याला पंचांग न बघताही ठाऊक असणार.

आता मुख्य प्रश्न. अकोलाच का तापतं? उत्तरेला सातपुड्याची गाविलगड रांग, दक्षिणेला अजिंठ्याची रांग आणि मधे पूर्णेचं पसरट खोरं. अकोला समुद्रसपाटीपासून जेमतेम २८० मीटरवर आहे, अमरावती त्याहून साठेक मीटर उंच. समुद्र लांब, त्यामुळे दुपारचा गार खारा वारा इथवर येत नाही. येतात ते वायव्येचे कोरडे वारे. शेतं रिकामी, काळी माती उघडी. जमिनीत ओल असती तर उन्हाची बरीच शक्ती ती वाळवण्यात गेली असती. ती नसते, म्हणून सगळी शक्ती हवा तापवण्यात जाते. भरीस भर म्हणजे मेच्या शेवटच्या आठवड्याच्या सुमारास सूर्य इथे बरोबर डोक्यावर येतो. शून्य सावलीचा दिवस आणि नवतपा हे जवळपास एकाच वेळी येतात तो काही योगायोग नाही.

गंमत पुढे आहे. सपाट प्रदेशात कमाल तापमान किमान ४० हवं आणि ते सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी वर गेलं, तर हवामान खातं उष्णतेची लाट म्हणतं. किनारपट्टीला ही पायरी ३७ अंशांची आहे. म्हणून मुंबईत ३८-३९ ला लाट येते. अकोल्याची मेची सरासरीच ४२ च्या आसपास, त्यामुळे ४४ ला इथे सगळं ‘नेहमीसारखं’ असतं! ४५ गाठलं की मात्र सरासरी न बघता लाट धरली जाते. अभिमानाची खरी किंमत इथे कळते. ४४ अंशांत जिनिंगच्या आवारात गाठी उचलणाऱ्याचं शरीर सरासरी बघत नाही. मे २०२४ च्या अखेरीस पारा ४५ च्या पुढे गेला, तेव्हा अकोल्याच्या जिल्हाधिकाऱ्यांनी चक्क कलम १४४ लावलं. एरवी दंगलीच्या बातमीत दिसणारं हे कलम कामगारांना पाणी-सावली मिळावी आणि भर दुपारच्या खासगी शिकवण्या थांबाव्यात म्हणून वापरलं गेलं.

मग आपण जगतो कसे? कूलरवर. ४४ अंश आणि १५ टक्के आर्द्रता असेल, तर चांगला कूलर खोलीत २७-२८ अंशांची हवा फेकू शकतो, कारण कोरडी हवा पाणी भराभर पिते. मुंबईत हाच कूलर नुसता दमट पंखा ठरतो. पण कूलरला पाणी लागतं, आणि पूर्णेच्या दोन्ही अंगांना खारपाणपट्टा आहे. तिथल्या बोअरचं पाणी घातलं की गवताच्या ताट्यांवर पांढरे थर चढतात आणि त्या कडक होतात. टाकीत गोडं पाणी ओतायचं की ते प्यायला ठेवायचं, हा प्रश्न या पट्ट्यातल्या घराघरांत असतो.

ज्यांना जमतं ते चिखलदऱ्याला पळतात. सुमारे ११०० मीटर उंची, म्हणजे अमरावतीपेक्षा साडेसातशे मीटर वर. दर हजार मीटरला साडेसहा अंश या हिशेबाने पाचेक अंशांचा दिलासा मिळतो. महाबळेश्वरशी तुलना करणाऱ्यांकडे दुर्लक्ष करा. खाली परतवाड्यात घाम पुसलेला माणूस वर दरीच्या कठड्याशी दुपट्टा सैल करतो, तेवढं पुरे.

निघायचंच असेल तर पहाटे निघा, साडेदहाच्या आत पोहोचा. डोक्याला दुपट्टा हवाच. खिशात कांदा ठेवायचा की नाही ते तुमच्या आजीवर सोपवतो, पाण्याची बाटली मात्र विसरू नका.

मृग लागला की पारा ३८ वर येतो. मग स्क्रीनशॉट कोणी पाठवत नाही. हवेत दमटपणा भरतो, कूलर निकामी होतो, घाम वाळत नाही, आणि रात्री बाराला गच्चीवर अंथरूण घेऊन गेलेला माणूस पावसाची वाट बघत कुशी बदलत राहतो. हवा दमट असली की ३८ अंशही शरीराला पंचेचाळीसच्या कोरड्या दुपारीइतकेच जड जाऊ शकतात, पण ग्रुपवर तो आकडा टाकला तर अकोलेकर हसतील.