वाचनाची पहिली पायरी : अक्षर आणि वाक्य यांचे नाते

चेन्नईच्या नुंगंबाक्कम भागात, कॉलेज रोडवर, तामिळनाडूच्या शालेय शिक्षण विभागाचे संकुल आहे. राज्याची शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद येथेच असून, आठ वर्षांखालील मुलांना वाचन आणि अंकगणित यावे यासाठी २०२२ मध्ये सुरू झालेल्या ‘एण्णुम एळुत्तुम’ (अंक आणि अक्षर) या उपक्रमाची सूत्रे याच संकुलातून हलतात. अक्षरओळख झालेली मुलेही वाक्य वाचताना अडखळतात, ही अडचण मात्र एका राज्यापुरती नाही.

तमिळ लिपीत ‘क’ आणि ‘ग’ यांना एकच अक्षर आहे. शब्दातील स्थानावरून उच्चार बहुधा ठरतो. संस्कृतातून आलेल्या शब्दांत मात्र हा आधारही सुटतो. गोष्ट या अर्थाचा ‘कदै’ आणि गदा या अर्थाचा ‘गदै’ हे शब्द सारखेच लिहिले जातात. भीमाने ती सांगितली की उचलली, हे कळल्याखेरीज उच्चार ठरत नाही! मराठीतही ‘जग मोठे आहे’ आणि ‘टेबलावर पाण्याचा जग आहे’ यांतील ‘ज’ वेगळा, हे वाक्यच सांगते.

दुसरा आधार क्रियापदाचा. तो आला, ती आली, ते आले. तमिळमध्ये अवन् वंदान्, अवळ् वंदाळ्, अदु वंददु. बोलण्यातून हे व्याकरण मुलाच्या कानात शाळेपूर्वीच बसलेले असते. त्यामुळे कर्ता वाचताच क्रियापदाच्या शेवटाची अपेक्षा तयार होते.

अमेरिकी अभ्यासक केनेथ गुडमन यांनी १९६५ मध्ये दाखवले, की सुट्या यादीत चुकलेले अनेक शब्द मुले गोष्टीत बरोबर वाचतात. त्यावरून अंदाजाने वाचण्याला मोठे महत्त्व आले. ते अवाजवी होते. कीथ स्टॅनोविच यांनी १९८० मध्ये याची दुसरी बाजू मांडली : शब्द ओळखण्यासाठी संदर्भावर अधिक विसंबतो तो कच्चा वाचक, कुशल वाचक अक्षरांवरूनच शब्द चटकन ओळखतो.

म्हणजे वाक्यरचना अक्षरांची जागा घेत नाही, वाचलेले पडताळून पाहते. ‘मुलगी आला’ असे वाचून मूल स्वतःच थबकले, मागे गेले आणि ‘आली’ म्हणाले, तर ते अर्थासह वाचत आहे. शिक्षकाने पहिल्याच चुकीला टोकले, तर ही संधी हुकते. वाक्य संपेपर्यंत थांबावे. मूल तरीही थबकले नाही, तर बोट त्या शब्दाच्या शेवटच्या अक्षरावर ठेवावे.