खाणीतला पंखा स्लो करायचा का? (एपिसोडचा लिखित मजकूर)

आज विषय जमिनीखालचा आहे. बल्लारपूर-चंद्रपूरकडच्या श्रोत्यांना खाण नवी नाही, पण माझ्यासारख्या कोड लिहिणाऱ्याला पहिला प्रश्न पडतो तो हा: एवढा मोठा पंखा चोवीस तास चालतो, तरी गॅस साठतो कसा?

आधी पंखा काय करतो ते बघू. कोळसा खाणीचा मुख्य पंखा जमिनीवर असतो आणि बहुतेक ठिकाणी तो हवा आत ढकलत नाही, बाहेर ओढतो. ताजी हवा एका वाटेनं उतरते, माणसं काम करतात तिथून फिरते आणि दुसऱ्या वाटेनं वर येते. आता घरचं उदाहरण घ्या. स्वयंपाकघरातल्या एक्झॉस्ट फॅनला चिकटून असलेली खिडकी उघडी ठेवा. फॅन जोरात फिरेल, पण हवा खिडकीतूनच ओढेल. शेगडीवरचा धूर तिथेच! खाणीतही हवा सोपी वाट शोधते. म्हणून जुन्या वाटा भिंती घालून बंद करतात, ये-जा असते तिथे एकामागोमाग दोन दारं लावतात, आणि शेवटच्या टोकापर्यंत हवा नेायला ब्रॅटिसचं कापड बांधतात. दोन्ही दारं एकदम उघडी राहिली, की पंखा चालू असूनही पुढच्या माणसांची हवा गेली.

आता मिथेन. हवेत तो साधारण ५ ते १५ टक्के असेल तर ठिणगीनं स्फोट होतो. तो हवेपेक्षा हलका, त्यामुळे छताला जाऊन बसतो. सेन्सर कंबरेच्या उंचीवर लावला तर आकडा छान दिसेल, पण उपयोग शून्य. आपल्याकडे १.२५ टक्क्यांच्या वर गेला की तिथली वीज तोडायची असा नियम आहे. म्हणजे ५ पासून बरंच अंतर राखलंय. आणि ते हवंच, कारण वरचं वातावरणीय दाब उतरला, की कोळसा काढून सोडलेल्या पोकळीतला गॅस बाहेर सरकतो.

मग आमची सॉफ्टवेअरची मंडळी म्हणतात, गरजेपुरताच पंखा चालवू. गणित मोहक आहे: वेग ८० टक्के केला तर वीज साधारण ५१ टक्केच लागते, कारण ती वेगाच्या घनात बदलते. कॅनडात सडबरीच्या निकेल खाणींत ही पद्धत वापरतात. तिथे मुख्य त्रास डिझेल गाड्यांच्या धुराचा, गाडी गेली की गरज कमी. पण मिथेन शिफ्ट संपली म्हणून घरी जात नाही ना! गॅसच्या कोळसा खाणीत असा कोड मी तरी मंजूर करणार नाही. निदान सेन्सर बंद पडला तर 'गॅस नाही' असं न धरता 'गॅस आहे' असं धरायला हवं.

आग लागली तर प्रश्न आणखी अवघड होतो. तुर्कस्तानात सोमा इथे १३ मे २०१४ ला खाणीत आग लागून ३०१ जण गेले, बहुतेक कार्बन मोनॉक्साइडनं. ताज्या हवेच्या वाटेवर आग असेल, तर पंखा धूर थेट माणसांकडे नेतो. बंद केला तर मिथेन साठतो. उलटा फिरवला तर धूर दुसऱ्या बाजूच्या माणसांवर जातो. त्या क्षणी कोण कुठे आहे हे वर बसलेल्याला माहीत असावं लागतं.

कमरेला लावतात तो सेल्फ-रेस्क्यूअर तेव्हा कितपत कामी येतो, ते पुढच्या एपिसोडमध्ये.