‘कॅनन फॉडर’: तीस वर्षं जुना आरोप आणि प्रत्यक्षातला गेम

1993च्या अखेरीस ब्रिटनमध्ये एका कॉम्प्युटर गेमवर वर्तमानपत्रांतून झोड उठली. गेमचं नाव ‘कॅनन फॉडर’, म्हणजे तोफेच्या तोंडी द्यायचे सैनिक. वरून दिसणारं रणांगण, त्यात मुंगीएवढी माणसं. माऊसचं एक बटण दाबलं की ती चालतात, दुसरं दाबलं की गोळ्या झाडतात. जॉन हेअर आणि ख्रिस येट्स यांनी 1986 साली इंग्लंडमधल्या एसेक्समध्ये सुरू केलेल्या ‘सेन्सिबल सॉफ्टवेअर’नं तो तयार केला आणि ‘व्हर्जिन’नं अमिगा कॉम्प्युटरसाठी बाजारात आणला. त्याआधीच्याच वर्षी याच कंपनीचा ‘सेन्सिबल सॉकर’ हा फुटबॉलचा गेम युरोपभर गाजला होता.

आपल्याकडे अमिगा फारसा पोहोचलाच नाही, त्यामुळे हा गेमही थोड्यांनाच माहीत आहे. हिंसक गेमवर आपल्या घरांत जी भांडणं होतात, त्यांतले बहुतेक मुद्दे मात्र या एका प्रकरणात आधीच येऊन गेले आहेत. ‘कॅनन फॉडर’बद्दल तेव्हा जे बोललं गेलं त्यातलं बरंचसं अर्धवट माहितीवर होतं, आणि तीच माहिती अजून फिरते आहे. म्हणून एकेक गैरसमज घेऊन गेमशी ताडून पाहू.

गैरसमज 1: या गेमनं युद्धाची आणि शहिदांची थट्टा केली

वस्तुस्थिती: या समजाचं मूळ सुरुवातीच्या गाण्यात आहे. गेम सुरू होताच एक ठेकेबाज, उडतं गाणं लागतं. युद्धाइतकी मजा दुसऱ्या कशात नाही, असा त्याचा सूर आहे. सोबत दिसतात लष्करी गणवेश चढवलेल्या खऱ्या माणसांची छायाचित्रं, आणि ही माणसं म्हणजे गेम बनवणारी मंडळीच. एवढंच पाहून कुणी गेम बंद केला, तर त्याला राग येणं स्वाभाविक आहे.

पण पुढे खेळायला बसलं की मोहिमांच्या मध्ये एक हिरवी टेकडी दिसते. तिचं नाव ‘बूट हिल’. टेकडीशी भरतीला आलेल्या पोरांची रांग लागलेली असते. प्रत्येकाला नाव आहे. जूल्स, जॉप्स, स्टू आणि आरजे ही रांगेतली पहिली नावं. जूल्स म्हणजे प्रोग्रॅमर जूल्स जेमसन, जॉप्स म्हणजे जॉन हेअर, स्टू म्हणजे चित्रकार स्टू केम्ब्रिज आणि आरजे म्हणजे संगीतकार रिचर्ड जोसेफ. तोफेच्या तोंडी द्यायच्या यादीत निर्मात्यांनी सर्वांत आधी स्वतःची नावं घातली.

तुमच्या चुकीनं सैनिक मेला की टेकडीवर एक थडगं उभं राहतं. टप्पा संपल्यावर मेलेल्यांची नावं पडद्यावर येतात. जो जगला त्याला बढती मिळते, त्याचा नेम सुधारतो, गोळी लांब जाते. त्यामुळे पहिल्या मोहिमेपासून साथ देणारा जूल्स दहाव्या मोहिमेत पडला, तर खेळणाऱ्याला ते लागतं. त्याच्या जागी रांगेतला नवा पोरगा येतो, तो वेगळ्या नावाचा आणि अगदी कच्चा. जूल्स काही परत येत नाही. गेम पुढे सरकतो तशी टेकडी थडग्यांनी भरत जाते आणि खाली रांग लागलेलीच राहते.

तेव्हाच्या इतर गेममध्ये काय होतं? तीन ‘लाइफ’ मिळायच्या, मेलं की तोच नायक पुन्हा उभा राहायचा आणि मरणाचा हिशेब कोपऱ्यातल्या आकड्यात संपायचा. ‘कॅनन फॉडर’नं त्या आकड्याला नाव दिलं आणि जमिनीत जागा दिली. युद्ध निरर्थक असतं हेच दाखवायचं होतं, असं निर्मात्यांनी त्याही वेळी सांगितलं होतं. गाण्यातला उत्साह आणि टेकडीवरची थडगी एकमेकांशेजारी ठेवली की त्यांच्या म्हणण्यातलं तथ्य पटतं.

गैरसमज 2: चित्रं कार्टूनसारखी आहेत, म्हणजे हिंसा सौम्य असणार

वस्तुस्थिती: हा उलट बाजूचा गैरसमज, आणि पालकांच्या दृष्टीनं जास्त महत्त्वाचा. सैनिक बोटाच्या पेरापेक्षाही लहान दिसतात, डोकी मोठी, हालचाल गमतीदार. पण गोळी लागलेला शत्रू दर वेळी लगेच मरत नाही. काही जण जमिनीवर पडून रक्त ओकत तडफडत राहतात, ओरडत राहतात. स्पीकर चालू असेल तर तो आवाज टाळता येत नाही. पुन्हा गोळी घालून त्याला संपवायचं की तसंच पुढे जायचं, हे खेळणाऱ्यानं ठरवायचं. चित्र लहान आहे म्हणून प्रसंग लहान होत नाही.

म्हणून नुसतं चित्र पाहून गेमची पारख करू नये. आजही फोनवरच्या कित्येक गेमचं रूप गोजिरवाणं असतं, आणि आत काय आहे हे पाच मिनिटं शेजारी बसून पाहिल्याशिवाय कळत नाही.

गैरसमज 3: असल्या गेममध्ये डोकं लागत नाही, नुसत्या गोळ्या झाडायच्या

वस्तुस्थिती: बंदुकीच्या गोळ्या अमर्याद आहेत, हे खरं. पण हातबॉम्ब आणि रॉकेट मोजकेच, आणि शत्रूच्या झोपड्या किंवा बंकर पाडायला तेच लागतात. ती घरं पाडली नाहीत तर आतून नवे शत्रू येतच राहतात. शेवटचा बॉम्ब चुकीच्या जागी टाकला, तर बहुतेक वेळा तो टप्पा पुन्हा पहिल्यापासून खेळावा लागतो.

त्यात जमिनीचा विचार आहे. नदी पोहून ओलांडताना सैनिकाला गोळी झाडता येत नाही, म्हणजे पलीकडच्या काठावर कुणी दबा धरून असेल तर सगळी तुकडी पाण्यातच संपते. अशा वेळी तुकडीचे भाग करायचे. एका गटानं अलीकडून गोळीबार करत शत्रूला गुंतवायचं आणि दुसऱ्यानं वळसा घालून यायचं. साप, गरुड आणि ब्लॅक पँथर ही या गटांची चिन्हं. दोन गट एकाच वेळी सांभाळताना एकाकडे दुर्लक्ष झालं की तिकडे माणूस गेलाच.

एकूण 24 मोहिमा आणि त्यांचे 72 टप्पे आहेत. उत्तरार्धातले टप्पे इतके अवघड आहेत की अंदाधुंद गोळीबार करणारा तिथवर पोहोचत नाही. जो माणसं जपतो, तो पोहोचतो. हा गेमचा नियम आहे आणि गेमचं म्हणणंही त्यातच आहे.

गैरसमज 4: हिंसेमुळे या गेमवर बंदी आली

वस्तुस्थिती: ब्रिटनमध्ये ‘कॅनन फॉडर’वर बंदी आली नाही. वादही रक्तपातावरून पेटला नव्हता, तो पेटला एका फुलावरून.

ते फूल पॉपीचं, लाल खसखशीचं. पहिल्या महायुद्धात बेल्जियममधल्या फ्लँडर्सच्या खणलेल्या, तोफांनी उलटीपालटी केलेल्या जमिनीवर ही फुलं रानोमाळ उगवली. जॉन मॅक्रे या कॅनेडियन लष्करी डॉक्टरनं 1915 साली लिहिलेल्या कवितेमुळे ती युद्धात पडलेल्यांची खूण ठरली. 1921 पासून ‘रॉयल ब्रिटिश लीजन’ ही माजी सैनिकांची संस्था कागदी पॉपी देऊन जखमी सैनिक आणि सैनिकांच्या कुटुंबांसाठी निधी गोळा करते. 11 नोव्हेंबरच्या स्मृतिदिनाच्या आसपास ब्रिटनमध्ये लाखो लोकांच्या कोटावर ती दिसते. त्या शोकाशी आपलाही संबंध आहे. त्याच महायुद्धात मेसोपोटेमियातल्या कुतच्या वेढ्यात मराठा पलटणी अडकल्या होत्या आणि तिथले अनेक जवान घरी परतलेच नाहीत.

‘कॅनन फॉडर’च्या खोक्यावर आणि जाहिरातीत हीच पॉपी वापरायचं ठरलं होतं, आणि तेही नेमकं स्मृतिदिनाच्या सुमारास. ‘डेली स्टार’ या दैनिकानं बातमी केली. लीजन, लिबरल डेमोक्रॅट खासदार मेन्झिस कॅम्पबेल आणि ब्रिटिश उमराव व्हायकाउंट मॉन्टगोमरी यांनी केलेला निषेध त्यात होता. ‘अमिगा पॉवर’ मासिकाच्या मुखपृष्ठावरही पॉपी येणार होती, तीही मागे घेण्यात आली. गेमच्या खोक्यावरचं चित्र बदललं. गेमच्या आत मात्र फूल तसंच राहिलं, आणि या गेमला लीजनची मान्यता नाही असा खुलासा सोबत जोडला गेला.

लीजनची बाजू पोकळ नव्हती. 1993 साली पहिल्या महायुद्धात लढलेली काही माणसं हयात होती. ज्या फुलावर वर्षाचा निधी उभा राहतो, ते विक्रीच्या खोक्यावर पाहून त्या संस्थेनं आक्षेप घेतला, यात नवल नाही. चूक झाली ती त्यापुढे. फुलाच्या वापराबद्दलचा आक्षेप बघता बघता संपूर्ण गेमबद्दलचा निकाल होऊन बसला. टेकडीवरची थडगी लक्षात घेतली तर हा निकाल टिकत नाही.

काळही तसाच होता. 9 डिसेंबर 1993 रोजी अमेरिकी सिनेटमध्ये ‘मॉर्टल कॉम्बॅट’ आणि ‘नाइट ट्रॅप’ या गेमवरून सुनावणी झाली, आणि पुढच्या वर्षी तिथे वयानुसार गेमचं वर्गीकरण करणारी यंत्रणा आली. अटलांटिकच्या दोन्ही किनाऱ्यांवर गेम म्हणजे धोका, हे आधीच ठरल्यासारखं झालं होतं.

गैरसमज 5: असे गेम खेळून मुलं हिंसक होतात, हे सिद्ध झालेलं आहे

वस्तुस्थिती: सिद्ध झालेलं नाही. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी 2019 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ब्रिटनमधली 14 आणि 15 वर्षांची 1,004 मुलंमुली होती. गेम किती हिंसक हे मुलांच्या सांगण्यावर न सोडता अधिकृत वर्गीकरणावरून ठरवलं आणि मुलांच्या वागण्याबद्दल त्यांच्या पालकांना विचारलं. हिंसक गेम खेळणं आणि आक्रमक वागणं यांच्यात त्यांना संबंध आढळला नाही.

अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशननं 2020 साली आपली भूमिका अधिक नेमकी केली. आरडाओरडा, ढकलाढकली अशा आक्रमकतेशी हिंसक गेमचा लहानसा संबंध दिसतो, पण प्रत्यक्ष हिंसाचाराचं खापर गेमवर फोडण्याइतका पुरावा नाही, असं ही संस्था सांगते.

याचा अर्थ कुठलाही गेम कुठल्याही वयाला चालतो, असा घेऊ नये. सात-आठ वर्षांच्या मुलाला तडफडणाऱ्या माणसाचा आवाज ऐकवू नये, हे कळायला संशोधन लागत नाही. ‘गेममुळे मूल गुन्हेगार होईल’ आणि ‘हा गेम या वयाला योग्य नाही’ ही दोन वेगळी विधानं आहेत. पहिल्याला पुरावा नाही. दुसरं प्रत्येक घरानं विचार करून ठरवायचं आहे.

गैरसमज 6: तर मग हा गेम निखळ युद्धविरोधी आहे

वस्तुस्थिती: गेमची बाजू घेणारे इथे घसरतात. टेकडीवर थडगी उभी राहतात ती आपल्या माणसांची. शत्रूच्या सैनिकाला नाव नाही, थडगं नाही. टेकडीच्या पडद्यावर फुटबॉलच्या सामन्यासारखा ‘होम’ आणि ‘अवे’ असा गुणफलक असतो, आणि मारलेले शत्रू तिथे आपल्या खात्यात जमा होतात. शिवाय बहुतेक टप्पे जिंकायचे तर मारावंच लागतं. तडजोड करून मोहीम संपवण्याची सोय नाही.

गोळीबार रंजक आहे हेही मान्य केलं पाहिजे. माऊसचा हात बसला की तुकडी पाण्यासारखी वळते, बंकर उडाला की आनंद होतो. तो आनंद खरा असतो, आणि लगेच पुढच्या पडद्यावर मेलेल्यांची नावं येतात. माझ्या मते गेमची ताकद या अवघडलेपणात आहे. युद्ध वाईट असतं असं सांगणारी भाषणं पुष्कळ आहेत. ते आपल्याला हवंहवंसंही वाटू शकतं, आणि वाटत असताना आपण माणसं गमावत असतो, याचा अनुभव खेळणाऱ्याच्या हातून देणारी कलाकृती विरळा. शत्रूलाही नाव असतं, तर तो अनुभव पुरा झाला असता. ती उणीव आहे आणि ती झाकायचं कारण नाही.

गैरसमज 7: हे सगळं जुन्या आठवणींपुरतंच उरलं आहे

वस्तुस्थिती: पुढे मेगा ड्राइव्ह, सुपर निन्टेंडो, जॅग्वार, 3डीओ अशा अनेक यंत्रांवर हा गेम आला. 1994 साली दुसरा भाग निघाला, त्यात परग्रहापासून शिकागोच्या टोळ्यांपर्यंत भलतीच रणांगणं होती. तिसरा भाग बऱ्याच वर्षांनी रशियात तयार झाला, मूळ मंडळींशिवाय. पहिला गेम आज जुने गेम विकणाऱ्या ‘जीओजी’वर विकत मिळतो आणि साध्या कॉम्प्युटरवर चालतो. ऐकीव माहितीवर मत बनवण्याची गरज कुणालाच उरलेली नाही.

हिंसक गेमबद्दल घरात वाद होतो तेव्हा पहिला प्रश्न असतो, ‘यात किती मारामारी आहे?’ प्रश्न रास्त आहे, पण अपुरा आहे. त्याच्या पुढे आणखी तीन विचारावेत. मेलेल्या माणसाचं या गेममध्ये पुढे काय होतं? माणूस गमावल्याची किंमत खेळणाऱ्याला मोजावी लागते का? आणि समोरचा शत्रूही माणूस आहे, याची दखल कुठे घेतली आहे का? ‘कॅनन फॉडर’ यांतल्या पहिल्या दोन प्रश्नांना सामोरा जातो आणि तिसऱ्यापाशी थांबतो. त्याच्यावर टीका करायची असेल तर ती इथे करावी, कारण ही टीका गेम खेळून झालेली असेल. आपल्या मुलांच्या हातातल्या गेमबद्दल बोलतानाही हाच क्रम ठेवावा: आधी खेळून पाहावं, मग मत द्यावं.