पावसाळ्यात मोटारसायकलवर पायात काय असावे?



गळीत हंगाम आटोपला की कारखान्याकडची आपली ये-जा कमी होते, पण मोटारसायकलचं काम काही कमी होत नाही. आडसाली लागणीसाठी बेणं बघायला, खताची पोती आणायला, डेअरीला दूध घालायला गाडी रोज बाहेर निघते, आणि तीही ऐन पावसात. टायर झिजला का, ब्रेक लागतो का, याची आपण चौकशी करतो. पायात काय आहे याची कोणी करीत नाही. उंबऱ्याजवळ जे पायताण सापडेल ते अडकवायचं आणि किक मारायची, असा सगळीकडचा शिरस्ता.

पावसात पाय दोन ठिकाणी घसरतो. एक, पायताणाचा तळ आणि ब्रेकचं पायडल यांच्यामध्ये. हे सर्वांना कळतं. दुसरं ठिकाण म्हणजे आपला तळपाय आणि पायताण यांच्यामध्ये. रबरी स्लीपर खालून कितीही चांगली धरली, तरी वर पाणी आणि चिखलाचा पातळ थर बसला की तळपाय तिच्यावरून सरकतो. अशा वेळी पायडलवर जोर दिला तर स्लीपर जागेवर राहते आणि पाय पुढं जातो, नाहीतर पट्टा पायडलच्या टोकाला अडकतो. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात ११ मीटर, म्हणजे सुमारे ३६ फूट पुढं जाते. पाय सावरून परत ब्रेकवर येईपर्यंत पुढची म्हैस किंवा ट्रॉली काही ३६ फूट मागं सरत नाही.

१ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना जोडब्रेक किंवा एबीएस सक्तीचा झाला आहे. जोडब्रेकच्या बहुतेक मोटारसायकलींत पायाचा ब्रेक दाबला की पुढचं चाकही थोडं धरलं जातं. म्हणजे उजव्या पायाची जबाबदारी पूर्वीपेक्षा वाढली आहे. (जुनी बुलेट ज्यांच्याकडे आहे त्यांनी पाय बदलून वाचावे, तिचा गिअर उजवीकडे आणि ब्रेक डावीकडे.)

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मोटार वाहन कायद्यातल्या दुरुस्त्या लागू झाल्या, तेव्हा चप्पल घालून गाडी चालवली तर दंड होतो अशी आवई गावोगाव उठली होती. तसा नियम नाही, असा खुलासा केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांच्या कार्यालयाने केला होता. पण दंड नाही म्हणून धोका नाही, असं थोडंच आहे?

आता एकेक पायताण पाहू.

कोल्हापुरी चप्पल ही आपल्या भागाची शान. २०१९ साली तिला भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर हे चार जिल्हे आहेत आणि कर्नाटकातलेही चार. पण तिचं कातडं बाभळीची साल आणि हिरडा यांत कमावलेलं, आणि तळही कातड्याचाच. ते पाणी पितं, फुगतं, सैल पडतं. ओला तळ लोखंडी पायडलवर साबणासारखा सरकतो. चपलेचंही नुकसान आणि आपलंही. पावसाळ्यात तिला तेल लावून कोरड्या जागी ठेवावी.

गमबूट पाहिला की अनेकांना वाटतं, काम झालं. रानात त्याला तोड नाही. पाणी पाजताना, चगाळात हिंडताना तो पाहिजेच. गाडीवर मात्र त्याची खोड अशी, की तो घोट्यात सैल असतो, टाच आतल्या आत उचलते, आणि जाड तळामुळं ब्रेक किती दाबला गेला हे पायाला कळत नाही. त्यात काळ्या रानातला चिखल खोल नक्षीत बसला की बुटाखाली ढेकूळच तयार होतं. ते तसंच घेऊन गाडीवर बसू नये. दगडावर घासून किंवा काडीने काढून मगच निघावं. शिवाय गरम सायलेन्सरला टेकला तर प्लॅस्टिकचा गमबूट वितळतो.

मग घालावं काय? आमच्या मते घोटा झाकणारा, मागून टाच धरणारा, रबरी तळाचा बूट. तळ रबरी आहे का हे दुकानातच पाहावं: अंगठ्याचं नख दाबलं तर किंचित दबलं पाहिजे. कडक, चकचकीत प्लॅस्टिक ओल्यात धरत नाही. बूट पुढच्या तिसऱ्या भागात वाकला पाहिजे, नाहीतर गिअर टाकताना पाय अवघडतो. लोखंडी टोपीचा कारखान्यातला बूट घेतला, तर गिअरच्या दांडीखाली तो शिरतो का हे आधी गाडीवर बसून बघा. नाडी असेल तर तिची टोकं आत खोचा. एवढा खर्च झेपत नसेल तर निदान मागून पट्टा असलेला रबरी तळाचा सँडल घ्या. घोटा उघडा राहतो, पण पायातून निसटत तरी नाही.

दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन असतील तर हे अधिकच महत्त्वाचं. गाडी थांबवताना भरल्या कॅनचं वजन एका पायावर येतं, आणि डेअरीपुढचा रस्ता कायम शेवाळलेला. मागं बसणाऱ्या घरच्या मंडळींच्याही चपलेला पट्टा असावा. चप्पल पडली म्हणून गाडी एकदम थांबवायला लावणं, त्यात मागून एसटी!

रेनकोटची पँट बुटाच्या बाहेर सोडावी. आत खोचली तर वरून ओघळणारं सगळं पाणी बुटात भरतं. ओल्या मोज्यात पाय दिवसभर राहिला की बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात, कातडी फाटते, आणि उंदरांचा वावर असलेल्या फडातल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू अशाच जखमांतून शिरतात. म्हणून कोरड्या मोज्यांची एक जोडी प्लॅस्टिकच्या पिशवीत गाडीवर असू द्यावी. मधुमेह असलेल्या सभासदांनी तर रोज रात्री तळपाय उजेडात बघावा. बुटातला खडा त्यांना बऱ्याचदा टोचतच नाही, आणि जखम चिघळल्यावर कळतं.

भिजलेला बूट चुलीजवळ ठेवू नये. कातडं कडक होऊन तडकतं, चिकटवलेला तळ सुटतो. आतला तळ बाहेर काढून बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबावेत, ते ओले झाले की बदलावेत, आणि बूट वाऱ्याला ठेवावा. श्रावणाच्या आधी एका रात्रीत तो बहुधा सुकत नाही, म्हणून दोन जोड आलटून पालटून वापरलेले बरे. आणि सकाळी पाय घालण्यापूर्वी बूट उलटा करून झाडावा. ओलीला विंचू आत जाऊन बसतो.