तपकिरी कडा

धुळ्याला नानांच्या, म्हणजे माझ्या थोरल्या मामांच्या, फुफ्फुसातून सुईने तुकडा काढला. तुटक्या शेवयांसारखे तीन पांढुरके धागे फॉर्मेलिनच्या डबीत पडले. त्याआधी चार महिने टीबीच्या गोळ्या झाल्या होत्या. खोकला, थुंकीतून रक्त, एक्स-रेवरचा डाग, सगळं टीबी आणि फुफ्फुसाचा कॅन्सर या दोन्ही आजारांत सारखं दिसू शकतं. त्या चार महिन्यांची हळहळ मात्र जात नाही.

डबी मी जळगावच्या लॅबमध्ये नेली. तिथल्या टेक्निशियन ताईंनी आधी एकच विचारलं, ‘‘डबीत किती वाजता टाकला?’’ फॉर्मेलिनमध्ये सहा तासही झाले नसतील तर तुकडा कच्चा राहतो. तीन दिवसांवर गेला तर प्रथिनं इतकी जखडतात की पुढच्या तपासणीत नीट रंगत नाहीत. मग तुकडा मेणात बसवायचा. त्या ब्लॉकचे ताई मायक्रोटोमवर काप घेतात, तीन-चार मायक्रॉनचे, केसाच्या जाडीच्या विसाव्या हिश्शाएवढे. काप कोमट पाण्यावर तरंगतो, चुणी आपोआप सुटते आणि काच खालून अलगद वर येते. ताई तेवढा वेळ श्वाससुद्धा जपून घेतात.

कॅन्सर ठरला. ईजीएफआर आणि एएलके या जनुकांत बदल सापडला नाही, म्हणजे त्यांच्यावरच्या गोळ्यांचा उपयोग नव्हता. राहिलं पीडी-एल १. शरीराच्या रक्षक पेशी जवळ आल्या की कॅन्सरची पेशी हे प्रथिन पुढे करते आणि रक्षक थंडावतात. ज्या गाठीत ते भरपूर, ती रक्षकांपासून जास्त लपलेली. पण हे प्रथिन रक्षक पेशीवर जिथे चिकटतं, ती जागा औषधाने अडवता येते. ही तपासणी मुंबईत होणार होती. ब्लॉक शर्टाच्या खिशात ठेवून मी रात्रीची गाडी धरली.

रंगवलेली काच मुंबईहून आल्यावर जळगावच्या डॉक्टरांनी मला सूक्ष्मदर्शकापाशी बसवलं. निळ्या केंद्रकांभोवती तपकिरी कडा होत्या, कुठे पूर्ण, कुठे अर्धवट. अर्धवटही मोजायच्या. पण तपकिरी रंग मॅक्रोफेज पेशीही घेतात, त्या वगळायच्या. अहवाल द्यायला कॅन्सरच्या निदान शंभर पेशी तरी हव्यात. मला कॅन्सरच्या आणि मॅक्रोफेज पेशी सारख्याच दिसत होत्या. डॉक्टर मात्र एकेक पेशी ओळखत होते. तपकिरी कडा असलेल्या कॅन्सर पेशींचा आकडा होता ६० टक्के.

ज्यांचा आकडा ५० टक्के किंवा त्याहून जास्त होता आणि ईजीएफआर-एएलके बदल नव्हते, अशा ३०५ रुग्णांवरच्या चाचणीचे निष्कर्ष २०१६ मध्ये आले. पाच वर्षांनी पेम्ब्रोलिझुमॅब या अशाच औषधाच्या गटात सुमारे ३२ टक्के लोक हयात होते, केमोच्या गटात १६. म्हणजे ६० हा आकडा खात्री देत नाही, पण वाट दाखवतो. त्या वाटेवर दर तीन आठवड्यांनी एक सलाईन, आणि एकेकीची किंमत लाखांत.

नानांचा फोन आला. ‘‘मना रिपोर्ट उना का रे?’’

‘‘उना,’’ म्हटलं आणि पारोळ्यावरून धुळ्याला जाणारी एसटी पकडली. फोनवर पुढचं सांगता आलं नसतं.